दोन आरक्षणं : सभागृहातली जागा आणि गावातली जागा

(सिंदी (रेल्वे), जिल्हा वर्धा, इथे महिला मंडळं आणि बचत गटांच्या एकत्र बैठकीत केलेलं भाषण)

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. त्याआधी कितीतरी गावांत तीन-चार वर्षं निवडून आलेली नगरपरिषदच नव्हती, कारभार प्रशासकाच्या हाती होता. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला होता. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हा निवडणुका लागल्या. प्रचारात बाया पुढे होत्या. पत्रकं वाटायला बाया, रॅलीत बाया, आणि अर्ध्या जागांवर उमेदवारही बायाच. आता गुलाल धुतला गेला. म्हणून आज निवडणुकीनंतरचं बोलायचं आहे. निवडणूक एका दिवसाची असते, नगरपरिषद पाच वर्षांची असते आणि गावाचा विकास आराखडा वीस वर्षांचा असतो. आपण एका दिवसासाठी एवढं पळतो, मग वीस वर्षांच्या कागदाकडे किती वेळा पाहतो?

'आरक्षण' हा शब्द आपण रोज ऐकतो. त्याचे दोन अर्थ आहेत आणि दोन्हींत 'जागा' आहे. एक आरक्षण सभागृहातल्या जागेचं. महाराष्ट्रात १९९० मध्ये स्थानिक संस्थांत बायांसाठी ३० टक्के जागा ठेवल्या गेल्या. १ जून १९९३ पासून ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि नगरपालिकांत देशभर एक तृतीयांश जागा आल्या. २०११ मध्ये आपल्या राज्याने त्या निम्म्यावर नेल्या. हे आरक्षण आपल्याला माहीत आहे, कारण त्यासाठी बाया भांडल्या.

दुसरं आरक्षण जमिनीचं. नगरपरिषद विकास आराखडा करते, तेव्हा गावाच्या नकाशावर काही जागा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवते. ही बाजाराला, ही शाळेला, ही दवाखान्याला, ही मैदानाला, ही गरिबांच्या घरांना. त्यालाही आरक्षणच म्हणतात. हे दुसरं आरक्षण कोण ठरवतं, कुठल्या दिवशी ठरवतं आणि ते रद्द कसं होतं, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. मला आज सांगायचं आहे ते एवढंच: पहिलं आरक्षण दुसऱ्यासाठी वापरलं नाही, तर पहिल्याचा उपयोग खुर्चीपुरताच राहील.

आता हे घराशी कसं जोडलेलं आहे ते पाहू.

घर बाईच्या जीवनात काय असतं हे तुम्हाला सांगायला नको. बाई घरातच राबते, तिथेच पापड-शेवया करते, शिलाई करते, तिथेच मार खाते, आणि नवऱ्याने 'नीघ' म्हटलं की बाहेर पडते, कारण घराच्या कागदावर तिचं नाव नसतं. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ मध्ये झाला, पुढच्या वर्षी लागू झाला. घर कोणाच्याही नावावर असो, तिथे राहण्याचा हक्क त्याने बाईला दिला. हा हक्क मोठाच आहे. पण तो कोर्टातून आदेश आणल्यावर हाती लागतो. कागदावर नाव असलं की 'नीघ' म्हणणाऱ्याचाच आवाज आधी खाली येतो.

आपल्या विदर्भात हे जुनं काम आहे. १९९० च्या सुमाराला शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम चालवली. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करावा, अशी ती होती. या जिल्ह्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना ती आठवत असेल. १९९४ मध्ये राज्याने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. देशाच्या कायद्यात तो २००५ मध्ये आला. शेताचं बोलणं झालं, वारशाचं झालं. पण ज्यांच्या घरी वाटायला शेतच नाही, ज्यांचं घरच दुसऱ्याच्या जमिनीवर आहे, त्या बाईचं काय? तिचा प्रश्न नगरपरिषदेच्या टेबलावर सुटतो, नाहीतर तिथेच अडतो.

प्रधानमंत्री आवास योजना जून २०१५ मध्ये शहरांसाठी सुरू झाली. आपल्यासारख्या लहान गावांत तिचा जो भाग मुख्यतः चालला, त्यात आपल्या जागेवर आपण घर बांधायचं आणि सरकार मदत देणार: केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, मिळून अडीच लाख रुपये. बांधकाम जसं वर येईल तसे हप्ते. सप्टेंबर २०२४ पासून योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला आहे. वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असलेल्या कुटुंबाला ही मदत मिळते. आणि या योजनेत एक चांगली अट आहे: घर कुटुंबातल्या बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर असावं.

ऐकायला फार छान. पण 'आपल्या जागेवर' हे दोन शब्द पुन्हा ऐका. जागा आपली आहे हे दाखवायला कागद लागतो. मला एका गावची गोष्ट माहीत आहे. बाई विधवा. वीस वर्षं त्याच कुडाच्या घरात राहते, कर भरते, पावत्या पिशवीत जपून ठेवते. घरकुलाचा अर्ज घेऊन गेली. कारकून म्हणाला, पावती सासऱ्याच्या नावाची आहे. सासरे वारून पंधरा वर्षं झाली होती. वारसांची सही आणा म्हणाला. दिराने सही दिली नाही. यादी निघाली, तिच्यात बाईचं नाव नव्हतं. योजनेने तिला नाकारलं नव्हतं. योजना तर बाईच्याच नावाने घर देत होती. अडलं ते एका फेरफाराशी.

म्हणून पहिलं काम आपलं आपण करायचं आहे. आपलं घर कोणत्या जमिनीवर उभं आहे, हे प्रत्येकीला सांगता आलं पाहिजे. जमीन स्वतःच्या मालकीची आहे की गावठाणातली? नझूलची आहे? नगरपरिषदेची आहे? की रेल्वेची? रेल्वेमुळेच या गावाच्या नावाला कंस लागला, तेव्हा रेल्वे आपल्याला नवी नाही. पण रेल्वेची जमीन केंद्राची असते. तिथे नगरपरिषदेला पट्टा देता येत नाही, आणि निवडणुकीत कुणी तसा शब्द दिला तर तो फसवा समजावा. नझूलची जमीन राज्य सरकारची. तिची आखीव पत्रिका भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. सरकारी जमिनीवरची जुनी राहती अतिक्रमणं नियमित करून पट्टे देण्याचे निर्णय राज्य शासनाने 'सर्वांसाठी घरे' या धोरणाखाली २०१८ मध्ये काढले. म्हणजे नझूलवर राहणारीला वाट आहे, पण ती अर्ज, मोजणी आणि यादी यांतून जाते. गुंठेवारीत प्लॉट घेतला असेल तर त्यासाठी २००१ चा वेगळा कायदा आहे. प्रत्येक जमिनीची वाट वेगळी. 'आमच्या वस्तीला पट्टे द्या' एवढी घोषणा पुरत नाही. कुठल्या जमिनीवर किती घरं आणि त्यांत किती बाया एकट्या राहतात, ही यादी आपल्याकडे तयार पाहिजे.

ही यादी बायांना करता येते का? करून दाखवलेली आहे. मुंबईत १९८१ मध्ये फुटपाथवरच्या आणि झोपडपट्टीतल्या लोकांना उचलून गावी पाठवायचा हुकूम निघाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८५ च्या निकालात न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, पण सूचना देऊन फुटपाथ मोकळे करण्याची परवानगीही दिली. तेव्हा भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायांनी 'स्पार्क' संस्थेबरोबर काम करून आपल्या झोपड्यांची मोजणी केली. सरकारी कागदावर ही माणसं नव्हतीच. पुढे 'महिला मिलन' उभी राहिली आणि त्या बायांनी आपल्याला हवं तसं घर आखून त्याचे नमुने लोकांपुढे मांडले. उंच छत आणि वर माळा, म्हणजे लहान जागेतही दोन पिढ्या झोपतील. इंजिनियरच्या डोक्यात हे आलं नव्हतं, कारण तो त्या घरात झोपत नव्हता.

आपल्या जिल्ह्यातही उदाहरण आहे. सेवाग्रामची बापूकुटी सगळ्यांनी पाहिली आहे. ती मुळात मीराबेनची कुटी. आसपासच्या माती-बांबूतून, गावच्या कारागिरांना हाताशी घेऊन तिने ती उभी केली. लोक तिथे बापूंचं आसन पाहतात, कंदील पाहतात. घर बाईने आखलं, हे कुणी फारसं सांगत नाही.

आणि मृणालताई गोरे. त्यांना सगळे 'पाणीवाली बाई' म्हणून ओळखतात. १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेत निवडून आल्या. तेव्हा बायांचं आरक्षण नव्हतं. गोरेगावात पाण्यासाठी त्या लढल्या, पण पाण्यावर थांबल्या नाहीत. कमाल जमीन धारणा कायद्याखालची जादा जमीन गरिबांच्या घरांना द्या, म्हणून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं झगडून दिंडोशीला 'नागरी निवारा'ची सुमारे सहा हजार घरं उभी केली. पाण्याचा प्रश्न त्यांनी नळापाशी सोडला नाही, जमिनीपर्यंत नेला. आपल्या नगरसेविकांकडून हीच अपेक्षा आहे.

आता आराखड्याकडे येऊ. हे जरा कोरडं आहे, पण लक्ष देऊन ऐका, कारण सगळी गंमत इथेच आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ चा. त्याप्रमाणे आधी गावात सध्या काय काय आहे त्याचा नकाशा होतो. मग प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो. राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना येते आणि त्या दिवसापासून तीस दिवसांत कोणीही हरकत किंवा सूचना लेखी देऊ शकतं. 'कोणीही' म्हणजे ज्याची जमीन आहे तोच असं नाही. भाड्याने राहणारी बाईसुद्धा. मग नियोजन समिती सुनावणी घेते. तिच्यात नगरपरिषदेचे तीन सदस्य असतात आणि शासनाच्या नगररचना विभागाने नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. नंतर आराखडा शासनाच्या मंजुरीला जातो.

त्या तीस दिवसांत कोण जातं? ज्याच्या शेतावर आरक्षण पडलं तो जातो, वकील घेऊन जातो आणि 'माझ्या जमिनीवरचं उचला' म्हणतो. त्याचा हक्कच आहे तो. पण 'इथे बाजार पाहिजे', 'इथे बायांची मुतारी पाहिजे', 'अंगणवाडी नाल्यापलीकडे नको' असं सांगायला कोणी जात नाही. सुनावणीत एकच बाजू ऐकू येते आणि समिती तेवढंच ऐकते.

बरं, आराखडा मंजूर झाला, आरक्षण कायम राहिलं, म्हणजे काम झालं का? नाही. दहा वर्षांत नगरपरिषदेने ती जमीन घेतली नाही, तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण संपतं. लहान नगरपरिषदेकडे पैसा कमी, मागणी करणारं कोणी नाही, म्हणून दवाखान्याची जागा, बाजाराची जागा गुपचूप सुटते. कोणी चोरी केलेली नसते. फक्त दहा वर्षांत एकाही अंदाजपत्रकात त्या जागेसाठी रुपया ठेवलेला नसतो. आणि मंजूर आराखड्यातही कलम ३७ खाली फेरबदल होतात. त्याचीही सूचना निघते, हरकती मागवतात. ती सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात असते.

गावाभोवती काय चाललंय ते तुम्ही पाहताच. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला, डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी वाहतूक सुरू झाली. सिंदीला ड्राय पोर्ट आणि मालवाहतुकीचं मोठं केंद्र ठरलं. असं काही येणार म्हटलं की आधी जमिनीचा भाव चढतो, मग लेआउट पडतात. रोजगार येईल तेव्हा येईल, भाडं आधी वाढतं. ते आधी कोणाला लागतं? एकट्या बाईला, जिला तसंही कोणी खोली देत नाही. मोठ्या लेआउटमध्ये काही हिस्सा गरिबांच्या लहान घरांसाठी ठेवायचा नियम राज्यात आहे, पण तो दहा लाखांच्या वर वस्ती असलेल्या महापालिकांना. आपल्यासारख्या गावांना तो नाही. म्हणजे गरिबांच्या घरांसाठी जमीन राखायची तर ती विकास आराखड्यातल्या आरक्षणातूनच राखावी लागेल, आणि भाव चढायच्या आधी.

आणखी एक गोष्ट. नकाशात राहती वस्ती पिवळ्या रंगात दाखवतात. त्या पिवळ्या रंगात बाईचं काम दिसत नाही. ती घरात शिवते, लाटते, विडी वळते, ते तिथे 'राहणं' म्हणून नोंदलं जातं. बाहेर भाजी घेऊन बसली तर 'अतिक्रमण' म्हणून. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ मध्ये झाला. त्यात शहर फेरीवाला समितीचे किमान ४० टक्के सदस्य विक्रेते असावेत आणि त्यांत एक तृतीयांश बाया असाव्यात असं म्हटलं आहे. भाजीवालीला जागा द्यायची की नाही, हा दयेचा प्रश्न राहिलेला नाही. पण आराखड्यात बाजाराची जागाच नसेल तर समिती तिला बसवणार कुठे?

आता आपल्या नगरसेविकांबद्दल. त्यांना नावं ठेवायला मी आलेली नाही. 'नवराच सगळं बघतो' म्हणून हसणं सोपं आहे. नवरा बघतो, कारण कागद त्याच्या हाती येतो, आणि आपणही काम घेऊन त्याच्याकडेच जातो. आपण ठरवू या की काम घेऊन बाईकडेच जायचं. दुसरं, निवडून आलेल्या बाईला महिला व बालकल्याण समितीत बसवतात आणि बांधकाम, पाणीपुरवठा, नियोजन या समित्या पुरुष वाटून घेतात, असं बहुतेक ठिकाणी दिसतं. महिला-बालकल्याणाच्या पाच टक्क्यांत शिलाई मशीन वाटली जाते, मेळावा होतो. मशीन वाईट नाही. पण ती ठेवायला घर कोणाचं, हे उरलेल्या पंचाण्णव टक्क्यांत ठरतं.

खेड्यात निदान ग्रामसभा असते, तिच्याआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते. नगरपरिषदेच्या गावात तसं काही भरताना आपण पाहत नाही. प्रभाग समित्यांची सक्ती घटनेने तीन लाखांच्या वरच्या शहरांनाच केली. क्षेत्रसभेची तरतूद २००९ मध्ये राज्याच्या कायद्यात आली, ती बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. म्हणून आपली सभा आपल्यालाच भरवावी लागेल.

शेवटी काही ठोस मागण्या आणि कामं सांगते. पटतील तर ठराव करा, नाही पटली तर बदला.

पहिलं. मुख्याधिकाऱ्यांना माहितीच्या अधिकारात अर्ज द्यायचा. फी दहा रुपये, उत्तराला तीस दिवस. विचारायचं की आपल्या गावाचा आराखडा कोणत्या वर्षी मंजूर झाला, त्यात कोणकोणती आरक्षणं आहेत, किती ताब्यात घेतली, कलम १२७ च्या किती नोटिसा आल्या. मिळालेली यादी मोठ्या अक्षरात लिहून वाचनालयाच्या भिंतीवर लावायची.

दुसरं. प्रत्येक गटाने आपल्या वस्तीची यादी करायची: घर कोणत्या जमिनीवर, करपावती कोणाच्या नावावर, कागदावर बाईचं नाव आहे का, विधवा-टाकलेल्या-अविवाहित बाया किती. आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात विधवा आणि एकट्या बायांना प्राधान्य द्यायचं म्हटलं आहे. प्राधान्य कोणाला, हे सांगायला नाव लागतं.

तिसरं. नगरपरिषदेने नावनोंदणीचं शिबिर घ्यावं. करपावतीवर मेलेल्याच्या जागी वारस बाईचं नाव, आणि जिवंत नवऱ्याच्या शेजारी बायकोचं. करपावती म्हणजे मालकी नव्हे हे लक्षात ठेवा, पण पुढच्या प्रत्येक कागदाची सुरुवात तिथून होते.

चौथं. आराखडा सुधारायची वेळ येईल तेव्हा नियोजन समितीच्या तीन सदस्यांत किमान दोन बाया असाव्यात. निम्मं सभागृह बायांचं आहे, तर ही मागणी मोठी नाही.

पाचवं. दरवर्षी अंदाजपत्रकाआधी एका तरी आरक्षित जागेचं नाव घेऊन तिच्यासाठी पैसे मागायचे. यंदा बाजार, पुढच्या वर्षी दवाखाना.

मैत्रिणींनो, सभागृहात आपल्याला खुर्ची मिळाली ती कोणी दान दिली नाही. गावाच्या नकाशावरची जागाही कोणी देणार नाही. मी सांगितलेली ती विधवा बाई अजून त्याच घरात राहते. तिच्या दिराने पुढे सही दिली का, तिला घरकुल मिळालं का, असं तुम्ही मला विचाराल. नाही मिळालं. पण तिच्या गल्लीतल्या आठ बायांनी नंतर आपापल्या पावत्यांवर नावं चढवून घेतली. ती स्वतः प्रत्येकीबरोबर ऑफिसात गेली. कारकून तिला आता नावाने ओळखतो.

आपणही उद्या जाऊ. एकटीने जाऊ नका, चौघी मिळून जा, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.